पाय नसलेली नजर

"मेरे पांव किदर हैं रे?"

डोळ्यांवरचा तो डबा दोन्ही हातांनी सावरत अम्मीने मान खाली घातली आणि हा प्रश्न विचारला. खोलीतली सगळी माणसे हसली. मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब मात्र मला अजून जुळवता आलेला नाही. हा लेख त्याच हिशेबासाठी लिहितो आहे.

२०२४ च्या रमजान ईदचा दुसरा दिवस होता. पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला असलेला माझा भाचा सुट्टीला आला होता. येताना आपल्या नानीसाठी तो आभासी वास्तवाचा हेडसेट घेऊन आला. पोहायला जाणारी मुले लावतात तशा चष्म्याचाच हा मोठा भाऊ. डोक्याला पट्ट्याने बांधायचा, की बाहेरचे जग बंद आणि आतले सुरू. भाच्याने त्यात हरम शरीफचे चित्रण आणले होते. मताफमध्ये कॅमेरा मधोमध ठेवून चोहोबाजूंनी घेतलेले. मान डावीकडे वळवली की डावीकडचे दिसते, वर केली की मिनार दिसतात आणि समोर काबा शरीफ.

अम्मीचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, गुडघे जवळपास निकामी. भाच्याने पट्टा बांधला, तिने बिस्मिल्ला म्हटले आणि पुढच्याच क्षणी तिचा श्वास अडकल्यासारखा झाला. मग तिने दरूद पढायला सुरुवात केली. डब्याच्या खालून पाणी ओघळू लागले. तिने दुवेसाठी हात उचलले. मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी बायका दारात उभ्या होत्या, त्यांनीही पदर डोळ्याला लावला. पाच-सहा मिनिटे अशी गेली आणि मग तिने खाली पाहिले. तिला आपले पाय दिसेनात. ज्या पायांना ती दिवसातून दहा वेळा बोल लावते ते पायच तिथे नव्हते. खाली नुसती संगमरवरी फरशी होती.

"इत्ते लोगां हैं, धक्का कोन बी नै देता," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, "मेरेकू कोन बी देखताच नै."

हेडसेट उतरवल्यावर माझा धाकटा भाऊ थट्टेने म्हणाला, "चलो, अम्मी का हज हो गया!" पुन्हा सगळे हसले. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मनावरचे एक ओझे उतरले होते. त्या सुटकेची मला रात्री लाज वाटली.

या लाजेला मागची चार वर्षे आहेत. २०२० च्या हजसाठी सत्तरीच्या पुढच्यांच्या राखीव गटातून अम्मीचा आणि तिच्या सोबतीला माझा नंबर लागला होता. पैसे भरले होते. अम्मीने बांगड्या मोडून आणि अब्बांच्या पेन्शनमधून वाचवून तिचा वाटा तिने स्वतः उभा केला होता. मग कोरोना आला. त्या वर्षी सौदी अरेबियात आधीच राहत असलेल्या साधारण हजारभर लोकांनाच हज करता आला. भारतातून कोणीच गेले नाही. आमचे पैसे परत मिळाले. २०२१ मध्येही बाहेरच्यांना परवानगी नव्हती. २०२२ मध्ये वाट उघडली, पण पासष्ट वर्षांच्या आतल्यांनाच. २०२३ मध्ये वयाची अट उठली. त्या वर्षी आम्ही गेलो नाही. २०२४ साठीही अर्ज भरला नाही. पहिली तीन वर्षे वाट दुसऱ्यांनी अडवली होती, ती साऱ्या जगाचीच अडचण होती. नंतरची दोन वर्षे ती कोणी अडवली? "गुडघे बरे होऊ देत", "मुलीचे लग्न उरकू दे", "उन्हाळा फार आहे" असे म्हणत आम्हीच अडवली. आणि तेवढ्यात हा डबा आला.

म्हणून माझ्यापुढचा प्रश्न असा आहे: एखादी गोष्ट डोळ्यांना पूर्ण दाखवता आली, तर तिथे जाण्याच्या जबाबदारीतून माणूस सुटतो का?

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. प्रश्न नीतीचा असला तरी आधी यंत्र उघडून पाहायची सवय जात नाही. सगळे झोपल्यावर मी हेडसेट हातात घेतला. आत दोन भिंगे होती आणि त्यांच्यामागे पडदा. पडदा डोळ्यांपासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर. एवढ्या जवळचे माणसाला स्पष्ट दिसत नाही. पुस्तक नाकाला लावून पाहा. भिंगांचे काम तेवढेच. दहावीच्या वर्गात आम्ही शिकवतो तेच: वस्तू बहिर्वक्र भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत आली की तिची आभासी प्रतिमा मागे, दूरवर तयार होते. हेडसेटमध्ये ती साधारण दीड-दोन मीटरवर पडते. 'आभासी' हा शब्द पाठ्यपुस्तकात किती वर्षे होता! पडद्यावर धरता येत नाही अशी प्रतिमा, अशी त्याची व्याख्या मी पोरांकडून घोकून घेतली आहे.

दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दिली की मेंदू त्यांतून खोली काढतो, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपने दाखवून दिले. तेव्हा चित्रे स्थिर होती. मान वळवली तर चित्र वळत नसे. तो अडसर १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी दूर केला. डोक्यावर दोन छोट्या चित्रनळ्या, त्या छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेल्या आणि दिसायला काय, तर प्रकाशाच्या रेघांनी काढलेला एक घन. पण डोके हलले की तो घनही त्या हिशेबाने फिरत असे. आजचे हेडसेट म्हणजे त्याच कल्पनेची बारीक केलेली कारागिरी. डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त झाला तर माणसाला मळमळू लागते, एवढे हे गणित नाजूक आहे.

त्यातली एक गोष्ट मला फार वेळ विचार करायला लावणारी वाटली. असा पडदा सेकंदाला साधारण नव्वद चित्रे दाखवतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला अकरा सहस्रांश सेकंद येतात. पण चांगल्या हेडसेटमध्ये चित्र तेवढा वेळ पेटलेले ठेवत नाहीत. ते दोनेक सहस्रांश सेकंद झळकते आणि उरलेला वेळ पडदा काळा असतो. कारण चित्र सतत पेटलेले राहिले, तर मान वळताना ते डोळ्यांत फरपटते, पुसट होते. म्हणजे बहुतांश वेळ तिथे अंधार असतो आणि आपल्याला अखंड उजेड दिसतो. मधला अंधार भरून काढायचे काम पाहणाऱ्याचा मेंदू करतो.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य संपवलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण निघून वस्तूला स्पर्श करतात, म्हणून दिसते, असे मानणारे मोठे विद्वान त्यांच्या आधी होऊन गेले होते. इब्न अल-हैसम यांनी उलट मांडले: प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. डोळ्यात आलेल्या प्रकाशातून 'हे दूर आहे', 'हे मोठे आहे', 'हा अमुक माणूस आहे' हे ठरते ते मनाच्या निवाड्याने, आणि हा निवाडा इतका झटपट होतो की तो आपण केला हेच आपल्याला कळत नाही, असेही त्यांनी सांगितले. पाहण्यात चूक कुठे आणि कशी होते यावर त्यांनी स्वतंत्र विवेचन केले आहे. हेडसेटचे सारे शास्त्र या निवाड्यावर उभे आहे. यंत्र डोळ्यांना पुरावा पुरवते, फैसला आपण देतो. 'मी इथे आहे' हा तो फैसला.

आता कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? आपल्या घरांतून काबा शरीफची तसबीर पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर आहे. मखमली पडदे आहेत, कॅलेंडरे आहेत, टीव्हीवर तरावीहचे थेट प्रक्षेपण आहे. त्याने कोणाचा ईमान बिघडला? हे खरे आहे. पण तसबिरीला चौकट असते. चौकट सतत सांगत असते की हे चित्र आहे, याच्या बाजूला भिंत आहे, भिंतीवर चुन्याचा पोपडा आहे आणि तू मिरजेच्या पुढच्या एका गावात आपल्या घरी बसला आहेस. टीव्हीलाही चौकट आहे. हेडसेट पहिल्यांदा ही चौकट काढून घेतो. बाजूला भिंत उरत नाही. तसबीर पाहून आजवर कोणी 'हज हो गया' म्हटले नव्हते. थट्टेनेही नाही.

चौकट नसलेल्या या जगात काय नव्हते ते अम्मीने पाच मिनिटांत ओळखले. पाय नव्हते, धक्का नव्हता, कोणाची नजर नव्हती. मी त्यावर नंतर बरेच वाचले, पण तिच्या तीन वाक्यांच्या पलीकडे फारसे गेलो नाही.

सदरलँड यांनी १९६५ मध्ये एका छोट्या लेखात भविष्यातल्या अंतिम पडद्याची कल्पना मांडली होती. तो पडदा म्हणजे अशी खोली, की तिच्यात दाखवलेल्या खुर्चीवर माणूस बसू शकेल आणि तिच्यात दाखवलेली बंदुकीची गोळी त्याचा जीव घेऊ शकेल. कल्पना भयंकर आहे, पण प्रामाणिक आहे. जे आपल्याला इजा करू शकत नाही ते पुरते खरे नसते, हे त्या माणसाला पहिल्या दिवशी ठाऊक होते. साठ वर्षांत पडदे फार सुधारले. इजा मात्र अजून बाहेरच आहे. अम्मीला न लागलेला धक्का तो हाच.

आणि नजर. आपण माणसांत वावरतो तेव्हा पाहतो तसे दिसतोही. समोरचा आपल्याकडे पाहतो आहे हे कळले, की आपण पदर सावरतो, आवाज खाली आणतो, ताटातला घास पुढे करतो. शरम, अदब, मुरव्वत हे आपल्या भाषेतले सगळे शब्द दुसऱ्याच्या नजरेतून जन्मलेले आहेत. हेडसेटच्या चित्रणात हजारो माणसे आहेत, पण त्यांच्यापैकी एकाही माणसासाठी आपण तिथे नाही. त्याहून गंमत अशी की पूर्ण एकांतही नाही. नव्या महाग यंत्रांत आतल्या बाजूला छोटे कॅमेरे असतात. आपले बुबूळ कुठे वळले, किती वेळ थांबले हे ते टिपतात आणि जिथे नजर आहे तेवढाच भाग पडद्यावर बारकाव्याने रंगवतात, बाकीचा पुसट ठेवतात. म्हणजे माणसे आपल्याला पाहत नाहीत, यंत्र पाहते. ॲपल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत विकायला आणलेल्या व्हिजन प्रो या हेडसेटला तर बाहेरच्या बाजूनेही एक पडदा आहे. घालणाऱ्याचे डोळे त्यावर चित्ररूपाने दिसतात, समोरच्याला परकेपणा वाटू नये म्हणून. साडेतीन हजार डॉलरच्या वस्तूत डोळ्यांचे चित्र बाहेर लावावे लागले, यातच नजरेची किंमत कळते.

मी आलिम नाही. फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण शाळामास्तराला समजेल एवढे सांगतो. अंध माणसाने केलेला हज अपुरा ठरत नाही. त्याने काबा डोळ्यांनी पाहिलेला नसतो, तरी त्याचा तवाफ तवाफच असतो. हजचा सर्वांत मोठा रुकन म्हणजे अरफातच्या मैदानात हजर राहणे. तिथे डोळे दिपावेत असे काय आहे? ऊन, मैदान आणि आपल्यासारखीच दोन कपड्यांतली माणसे. पाहण्यासारखे फारसे नसलेल्या जागी देहाने उभे राहणे, हा सगळ्या प्रवासाचा गाभा. जो स्वतः कधीच जाऊ शकणार नाही त्याच्यासाठी बदल हजची सोय आहे, पण तिथेही कोणाचा तरी देह जावाच लागतो. उलट, हेडसेटमध्ये डोळे सोडून बाकी काहीच जात नाही. अंधाच्या हजला डोळे नसले तरी चालते. पायांशिवायच्या नजरेचा मात्र हज होत नाही.

मोठमोठ्या संस्थांनाही हा प्रश्न सोडवावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये सौदी अरेबियात हज्रे अस्वदचे आभासी दर्शन घडवणारा उपक्रम सुरू झाला. त्यावर जगभर चर्चा झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या धर्मविषयक संचालनालयाने स्पष्ट केले, की अशी आभासी भेट हज ठरणार नाही, पाय जमिनीला लागले पाहिजेत. कर्मकांडाच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला. माझ्या मते नीतीचा प्रश्न मात्र तिथून सुरू होतो, कारण तो हजपुरता नाही.

जानेवारी २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसला, जगातले धनवान आणि सत्ताधारी जमतात तिथे, साडेआठ मिनिटांचा एक चित्रपट हेडसेटमधून दाखवण्यात आला. नाव 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा'. गॅबो अरोरा आणि ख्रिस मिल्क यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी तो केला होता. जॉर्डनमध्ये झातरी नावाची छावणी आहे. सीरियातून पळालेल्यांसाठी ती २०१२ च्या जुलैमध्ये उघडली आणि पुढे तिथे ऐंशी हजारांच्या आसपास माणसे राहू लागली. त्या छावणीतली बारा वर्षांची मुलगी आपल्याला तिचे घर, शाळा, खेळायची जागा दाखवते. पाहणारा तिच्या घरात, तिच्या भावंडांच्या मधोमध बसलेला असतो. त्याच वर्षी मिल्क यांनी एका भाषणात या तंत्राला सहवेदनेचे यंत्र म्हटले. युनिसेफने निधी गोळा करण्यासाठी या चित्रपटाचा उपयोग केला आणि देणाऱ्यांचे प्रमाण वाढले. याला मी वाईट म्हणणार नाही. छावणीतल्या मुलाच्या पोटात गेलेली भाकरी आभासी नसते.

पण त्या मुलीच्या बाजूने एकदा विचार करून पाहावा. तिच्या घरात हजारो अनोळखी माणसे बसून गेली. तिला त्यातले एकही दिसले नाही. कोणी तिचा सलाम घेतला नाही, कोणाला तिने चहा विचारला नाही. चित्रपटात ती अजून बारा वर्षांचीच आहे. बाहेर ती केव्हाच मोठी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमधली राजवट कोसळली आणि झातरीतले अनेक लोक परतीच्या वाटेला लागले. चित्रपटातले लोक अजून तिथेच बसले आहेत. ज्याने तो २०१५ मध्ये पाहिला तो 'मी झातरी पाहिली' असे म्हणेल. आपल्याकडे गवाहीला फार वजन आहे. गवाह म्हणजे जो हजर होता, ज्याला उलट प्रश्न विचारता येतो, ज्याला आपल्या शब्दाची किंमत मोजावी लागू शकते. पाहणारा आणि गवाह यांत हे अंतर आहे. हेडसेट पाहणारे घडवतो, पुष्कळ घडवतो. गवाह घडवणे त्याच्या हातात नाही.

हे अंतर विसरले की काय होते तेही जगाने पाहिले. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको बेट उद्ध्वस्त केले. पुढच्याच महिन्यात फेसबुकचे मार्क झुकरबर्ग आपल्या हेडसेटच्या जाहीर प्रात्यक्षिकात कार्टूनच्या रूपाने तिथे 'गेले'. मागे पुरात बुडालेल्या वस्तीचे चित्रण आणि पुढे दोन हसरी कार्टूने एकमेकांना टाळी देताहेत, असे ते दृश्य होते. लोक संतापले, झुकरबर्ग यांनी माफी मागितली. मदतीचे काम लोकांपुढे आणावे हाच आपला हेतू होता, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या नियतीवर मला शंका घ्यायची नाही. पण पुरात पाय न भिजवता पुरात उभे राहता येते, तेव्हा माणसाच्या हातून अशी टाळी सहज दिली जाते. आमच्या घरातले हसणेही त्याच जातीचे होते.

मग हे यंत्र फेकून द्यावे का? तसे मला वाटत नाही. याच यंत्राचे एक वेगळे उदाहरण आहे. २०१८ मध्ये ऑक्सफर्डमधल्या काही विद्यार्थ्यांनी 'प्रोजेक्ट दास्तान' सुरू केला. १९४७ च्या फाळणीत लहानपणीच घर सोडावे लागलेल्या, आता ऐंशी-नव्वदीत असलेल्या माणसांना ते शोधत. मग त्यांचे सीमेपलीकडचे गाव, गल्ली, मशीद किंवा मंदिर, शाळा शोधून चोहोबाजूंनी चित्रित करत आणि ते चित्रण हेडसेटमधून त्या म्हाताऱ्या डोळ्यांना दाखवत. हा माणूस स्वतः जाऊ शकत नाही. व्हिसा मिळत नाही, देह साथ देत नाही, दोन देशांचे संबंध आड येतात. त्याला आपल्या गल्लीचे वळण सत्तर वर्षांनी पुन्हा दिसले, तर ती रहमत आहे. तिथे पायांच्या नावाने तक्रार करणे निष्ठुरपणा होईल.

या दोन उदाहरणांत यंत्र एकच आहे, भिंगे तीच, पडदा तोच. फरक वाटेचा आहे. जिची वाट बंद आहे तिला दाखवणे ही मेहेरबानी. जिची वाट उघडी आहे तिला नुसते दाखवून बसवणे ही पळवाट. म्हणून हेडसेट कोणाच्या डोळ्यांवर चढवताना एक प्रश्न विचारायला हवा: याची वाट खरोखर बंद आहे का आणि असेल तर ती बंद कोणी केली? बंद करणारा आणि डबा आणणारा जर एकच असेल, तर ती भेट राहत नाही. ती तोंड बंद करण्याची किंमत होते. माझ्या भाच्याची नियत साफ होती. त्याला नानीला आनंद द्यायचा होता, तो त्याने दिला. हिशेब माझा आहे. २०२० मध्ये ते चित्रण आले असते तर ते खरोखरच रहमत ठरले असते. २०२४ मध्ये ते माझ्या दोन वर्षांच्या चालढकलीवर घातलेले पांघरूण झाले.

हे फक्त अम्मीपुरते नाही, हेही लक्षात येते. गावी एकट्या राहणाऱ्या बापाला फोनच्या पडद्यावर रोज पाहणारी मुले आहेत. आजारी मित्राची विचारपूस चित्रावर अंगठा उमटवून उरकणारे आपण आहोत. जनाजा व्हिडिओवर पाहून खांदा दिल्याचे समाधान मानणारेही आता भेटतात. ज्याला समुद्रापलीकडून येणे शक्य नव्हते त्याची गोष्ट वेगळी. पण दोन गल्ल्या पलीकडून? पाहिले की माणसाच्या मनात काहीतरी हलते. हे हलणे म्हणजे कर्जाची सुरुवात असते. आपण तेच फेडीचा हप्ता समजून खात्यात मांडतो. पडदा जितका सुधारेल तितकी ही चूक सोपी होत जाईल, कारण हलण्याचे समाधान जास्त खोल असेल. उद्या धक्काही बसवतील, पायही काढून दाखवतील. फरशीचा गारवा तळव्यांना जाणवेल. तेव्हा आजच्या अम्मीने शोधून काढलेली उणीव उद्याच्या अम्मीला सापडणारही नाही. त्या वेळी आठवण ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

त्या ईदनंतर तीन-चार दिवसांनी मी अम्मीच्या गुडघ्यांना तेल लावत होतो. मी सहज विचारले, परत बघायचे का ते? भाचा डबा ठेवून गेला आहे. ती म्हणाली, "नक्को. एक बार देख्या सो बस. अब जाने का दिल और जास्ती हो रा." जे पाहून आम्हाला सुटल्यासारखे वाटले होते, ते पाहून तिची ओढ वाढली होती. एकाच पडद्याने तिला वाट दाखवली आणि मला वाट विसरण्याची सोय करून दिली. दोष पडद्याचा म्हणावा तरी कसा?

तिचा पासपोर्ट तोवर संपला होता. पहिल्यांदा तो काढला तेव्हा अब्बा हयात होते. नव्या पासपोर्टसाठी तिला घेऊन गेलो. जिना चढायला आम्हाला अर्धा तास लागला आणि तीन वेळा बसावे लागले. मागून येणाऱ्या एका माणसाचा धक्का लागला. तो थांबला, माफी मागितली आणि तिचा दुसरा हात धरून वरपर्यंत आला. डॉक्टर म्हणतात, चालणे जमणार नाही, खुर्ची लागेल. खुर्ची ढकलायला माणूस लागेल. ढकलायला मी आहे. हज जमला तर हज, नाही तर आधी उमरा, असे ठरले आहे. पैसे आहेत, अर्ज भरला आहे. पुढचे अल्लाहच्या हाती.

हेडसेट कपाटात आहे. मोहल्ल्यातली पोरे अधूनमधून मागून नेतात आणि त्यात मासे बघतात. अम्मी रोज सकाळी पायांना बोल लावत उठते, भिंतीला धरून दारापर्यंत जाते आणि परत येते. "थोडी आदत रैना," असे म्हणते.